फोटोतली आज्जी आणि सोप्यातली आज्जी

कराड, विटा, तासगाव, कोरेगाव. यांतल्या कुठल्याही गावच्या चौकात पाच मिनिटं थांबलं तरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा एखादा फ्लेक्स नजरेस पडतोच. दैनिकाच्या जिल्हा पानावर तेच चेहरे टपाल तिकिटाएवढे होऊन निधनवार्तेत येतात आणि वर्षानं ‘प्रथम पुण्यस्मरण’ म्हणून पुन्हा येतात. हे फोटो जरा न्याहाळून पाहिले की त्यांची कुळकथा कळते. खांद्यावर कुणाची तरी चार बोटं तुटकी राहिलेली दिसली, तर तो नातवाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला असतो. डोळे वटारलेले, मान ताठ, मागे पांढरीफटक भिंत असली, तर तो आधार कार्डाचा नाहीतर बँकेच्या पासबुकाचा. फ्लेक्सवाल्यानं मागे निळं आभाळ घातलेलं असतं, पायाशी गुलाब पसरलेले असतात, आणि मधे उरलेला चेहरा मूळ आकाराच्या कितीतरी पट ताणून ठिपक्या-ठिपक्यांचा झालेला असतो. घरात चार-पाच मोबाइल, त्यांत हजारो फोटो, त्यांत शेरडाकरडांचेसुद्धा फोटो. पण ज्या माणसाच्या नावावर घर उभं होतं त्याचा एकट्याचा, नीट बसवून काढलेला फोटो नाही. मग घरातलीच कुणी बाई त्या फ्लेक्सकडे बघत म्हणते, “ह्ये आबा वाटतच न्हाईत.” या लेखाचा विषय हे वाक्य आहे.

हे वाक्य आपण सहसा भावनेच्या खात्यावर टाकतो. दुःख ताजं आहे, फोटो घाईत निवडलाय, असं वाटायचंच, म्हणून पुढे जातो. हयात आज्जीला तिचा फोटो दाखवला आणि ती म्हणाली, “मी काय एवढी म्हातारी दिसते व्हय?” तर ते आपण थट्टेवारी नेतो. माझं म्हणणं असं, की ही दोन्ही वाक्यं मोजमाप म्हणून घ्यावीत. फोटोत दिसणारं म्हातारपण दोन वाटांनी आलेलं असतं. काही वयानं दिलेलं असतं आणि काही कॅमेऱ्यानं, म्हणजे किती अंतरावरून, कुठल्या उजेडात आणि किती प्रकाश आत घेऊन तो चालवला यानं. फोटो काढणाऱ्यापुढे या दोन्हींची फक्त बेरीज असते, त्यामुळे तिच्यातली वयाची रक्कम किती आणि कॅमेऱ्याची किती हे त्याला सांगता येत नाही. ज्यानं तो चेहरा चाळीस वर्षं रोज पाहिलाय त्याला बेरीज चुकल्याचं लगेच जाणवतं. का चुकली हे मात्र त्याला सांगता येत नाही. तेवढं काम फोटो काढणाऱ्यानं करायचं असतं. ‘आबा वाटत नाहीत’ या तक्रारीचं भाषांतर त्याला अंतर, उजेड आणि वेळ यांच्या भाषेत करता आलं, की पुढचा फोटो सुधारतो.

अंतराचं गणित सोपं आहे. नाकाचा शेंडा कानाच्या साधारण दहा सेंटिमीटर पुढे असतो असं धरू. मोबाइल नाकापासून तीस सेंटिमीटरवर धरला, तर कान चाळीस सेंटिमीटरवर पडतात. म्हणजे कानाच्या मानानं नाक ३३ टक्के मोठं उमटतं. तोच मोबाइल दीड मीटरवर नेला, की हा फरक जेमतेम सात टक्के उरतो. २०१८ मध्ये चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीला वाहिलेल्या एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावरचा अभ्यास आला होता. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं, असं त्या मांडणीतून निघालं. आता यात वय मिसळा. उतारवयात नाकाचा शेंडा खाली झुकतो आणि कानाच्या पाळ्या लांबतात. १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोजणीनुसार कान वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटरनं वाढतो. जवळून धरलेला मोबाइल यातलं नाक फुगवतो आणि कान मागे ढकलतो. म्हणजे वयानं केलेला एक बदल तो वाढवून सांगतो आणि दुसरा दडवतो. जड कुड्यांनी ओघळलेल्या कानाच्या पाळ्या ही आज्जीची ओळख असेल, तर नेमकी तीच फोटोतून जाते. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद नजरेचा असल्यानं चेहरा मोठा दिसावा म्हणून आपण पुढे-पुढे सरकतो आणि चूक तिथेच होते. दोन पावलं मागे यावं आणि मोबाइलमध्ये दुप्पट जवळ आणणारी सोय असली तर ती वापरावी, एवढाच यावरचा इलाज. चेहऱ्याचं प्रमाण ठरतं ते अंतरानं. लेन्सकडे त्याचं श्रेय उगाच जातं.

उजेडाचा मामला जास्त खोल आहे, आणि आपल्याकडच्या घरांचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. सुरकुती म्हणजे कातडीतली घळ. ती किती काळी दिसेल हे तिच्या खोलीइतकंच प्रकाश कुठल्या कोनातून येतो यावर ठरतं. कातडीला घासून जाणारा, समजा दहा अंशांचा प्रकाश पडला, तर उंचवट्याची सावली उंचीच्या साडेपाच पटींहून लांब पडते. पंचेचाळीस अंशांना ती उंचीएवढीच राहते. समोरून आलेल्या प्रकाशात जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे एकाच आज्जीचा चेहरा एकाच दुपारी सत्तरीचा आणि नव्वदीचा असा दोन्ही काढता येतो आणि दोन्ही फोटो ‘खरे’ असतात. यात आपल्या पंचांगाची भर आहे. पुण्या-मुंबईची नातवंडं गावाकडे येतात ती मे महिन्यात, जत्रेला नाहीतर लग्नाला, आणि सातारा-सांगलीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा तिथे येतो. अशा उन्हात अंगणात उभं केलेल्या माणसाच्या भुवयांची सावली थेट डोळ्यांत पडते आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे उरतात. शिवाय मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांना लख्ख उजेडाचा त्रास होतो, म्हणून माणूस डोळे बारीक करतं, कपाळ आक्रसतं, आणि घरात कधीही न दिसणाऱ्या आठ्या फोटोत कायमच्या होतात. घरच्यांचं ‘आबा रागावल्यागत दिसत्यात’ हे म्हणणं म्हणजे सूर्याच्या कोनाबद्दलची तक्रार आहे. उपाय घरातच असतो. जुन्या घरांतला सोपा, म्हणजे पुढची आच्छादलेली जागा, हा फोटोग्राफरला आयता मिळालेला स्टुडिओ आहे. वरून छप्पर, एका बाजूनं अंगणाचा परावर्तित उजेड, आणि उजेडाचा स्रोत एवढा रुंद की सावल्यांच्या कडा आपोआप विरघळतात. आज्जी एरवी तांदूळ निवडायला किंवा वाती वळायला जिथे बसते ती जागा तिनं उजेड बघूनच निवडलेली असते. तिथून तिला उठवून अंगणात नेणं हा फोटो बिघडवायचा हमखास मार्ग.

तिसरी गोष्ट एक्स्पोजरची. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक यंत्र समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं गृहीत धरतं. ठरलेला आकडा आहे १८ टक्के परावर्तनाचा. त्याच्यापुढे पांढरा पटका, पांढरा तीन बटणी शर्ट, पांढरं धोतर आणि त्यांत उन्हातान्हात रापलेला एवढासा चेहरा आणून बसवा. फ्रेमभर पांढरं बघून यंत्र बिचकतं, प्रकाश कमी करतं, आणि पटक्याची घडी न् घडी दिसते पण चेहरा काळाठिक्कर पडतो. आताचे मोबाइल चेहरा ओळखून बरंच सावरून घेतात, तरी दाराच्या उजेडाकडे पाठ करून बसवलेल्या माणसापुढे तेही चुकतात. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड तिथला घ्यायला सांगावं लागतं. या चुकीला मोठा इतिहास आहे. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना निळा रंग दिसायचा, तांबडा जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे रापलेली त्वचा आणि तिच्यावरचे तांबूस डाग असतील त्याहून गडद उमटत. पुढे रंगीत फिल्म आली, तेव्हा प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी कोडॅकचं एक नमुनाचित्र वापरत. त्यावर गोरी बाई असे आणि त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. या कार्डांचा इतिहास कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी मांडला आहे. शाळेच्या वर्गफोटोत काळ्या मुलांचे चेहरे नीट येत नाहीत, अशी पालकांची कुरकुर होती. पण फिल्म सुधारायची निकड कंपनीला पटली ती चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी आपल्या मालाच्या छटा फोटोत उतरत नाहीत असं सांगितल्यावर. आया बरोबर सांगत होत्या. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, एवढंच.

यावर सराईत फोटोग्राफरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. सुरकुत्या लपवायच्या कशाला, त्यांतच तर सौंदर्य आहे, अनुभवाच्या रेषा आहेत वगैरे. हा आक्षेप कुठून येतो हे पाहायचं तर आषाढीच्या तोंडावर लोणंद-तरडगाव-फलटणच्या रस्त्यावर जावं. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, आणि वारकऱ्यांच्या बरोबरीनं मोठाल्या लेन्स घेतलेल्यांची दुसरी दिंडी चालत असते. तिचं दैवत म्हणजे सुरकुतलेली म्हातारी. डोक्यावर तुळस, चेहऱ्यावर आडवा उजेड, मग संगणकावर काळा-पांढरा करून रेघ न् रेघ कोरून काढलेली. स्पर्धांत असे फोटो बक्षिसं घेतात, आणि त्यांतले काही खरोखर चांगले असतात हे मी नाकारत नाही. पण ती म्हातारी फोटोग्राफरला पाच मिनिटांपूर्वी भेटलेली असते. तिच्याबद्दल त्याला माहीत असलेली एकच गोष्ट म्हणजे तिचं वय, म्हणून तो वयाचाच फोटो काढतो. ही अनोळखी माणसाची नजर आहे. तीच नजर आपल्या आज्जीला लावली, की घरचे बावचळतात. त्यांच्या लेखी ती ‘वृद्धा’ नसते, रांजणातलं पाणी सांडलं म्हणून ओरडणारी, नातवाच्या हातात गुपचूप नोट कोंबणारी विशिष्ट बाई असते. सुरकुत्या असाव्यात की नसाव्यात हा वादच मला फसवा वाटतो. आल्ब्रेख्त ड्युररनं १५१४ मध्ये आपल्या ६३ वर्षांच्या आईचं कोळशानं काढलेलं चित्र पाहावं. अठरा बाळंतपणं झालेली ती बाई हाडांवर कातडं उरलेली आहे, एक डोळा भलतीकडे वळलेला आहे, काहीही झाकलेलं नाही. तरी ते चित्र म्हातारपणाचं नाही, आईचं आहे. उलट, अमेरिकी फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडननं आपल्या मरणपंथाला लागलेल्या वडिलांचे फोटो १९७४ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडले, तेव्हा ते निर्दय आहेत अशी टीका झाली. मुलानं काढलाय एवढ्यानं फोटो आपला होत नाही, हेही इथे नोंदवायला हवं, कारण माझ्या म्हणण्याला ते थोडं अडचणीचं आहे. ओळख लागते हे खरं, पण ती वापरायची की बाजूला ठेवायची हे शेवटी काढणारा ठरवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. घरच्यांचं मत म्हणजे सवय आणि खुद्द आज्जीचं मत म्हणजे हौस. त्यावरून काय शिकायचं? सवयीचा मुद्दा प्रयोगानं तपासला गेला आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत मीटा, डर्मर आणि नाइट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी काही बायकांच्या फोटोच्या दोन-दोन प्रती काढल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी उलटी. ज्यांचा फोटो होता त्यांचा कल उलट्या प्रतीकडे झुकला, त्यांच्या मैत्रिणींचा सरळ प्रतीकडे. जो चेहरा वारंवार पाहिलेला, तो बरा वाटतो. आज्जीनं स्वतःला जन्मभर देव्हाऱ्याशेजारच्या आरशात पाहिलेलं असतं. त्यात नथ दुसऱ्याच बाजूला असते, भांग उलटा असतो, कपाळावरचं गोंदण मध्यावर नसेल तर तेही सरकलेलं असतं. सरळ फोटो पाहून तिला ‘काहीतरी वेगळंच’ वाटलं तर त्यात नखरा नाही. पण म्हणूनच सर्वांची मतं एका मापानं मोजता येत नाहीत. तिची तक्रार डाव्या-उजव्याबद्दल असेल, तर ती आरशाची म्हणून सोडून द्यावी. ती म्हणाली, ‘डोळे कुठं गेले माझे’, तर ती उजेडाची. मुलगी म्हणाली, ‘आई अशी कधी बसत नाही’, तर चूक वेळेची: बहुधा ‘इकडं बघ, हस’ म्हटल्यावरचा तो क्षण आहे. सून म्हणाली, ‘तोंड बसलेलं दिसतंय’, तर विचारायचा प्रश्न कवळीचा. कवळी काढली की चेहऱ्याचा खालचा तिसरा हिस्सा आत जातो, आणि ती दिवसभर कवळीविना वावरत असेल, तर कवळी घालून काढलेला फोटो परका वाटेल. याच्या उलटही तितकंच खरं. सवय हा दोष आहे तसा तो साठवलेला पुरावाही आहे.

मग तिसरा आक्षेप येतो, की याचा शेवट खुशामतीत होईल. लोकांना आवडेल तसा चेहरा करायचा तर फोटो हवाच कशाला? इथे इतिहास थोडा मिश्कील आहे. जुन्या स्टुडिओंत काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं सुरकुत्या सौम्य करणं ही रोजची मजुरी होती. भिंतीवरचे जे पणजोबा आपल्याला ‘अस्सल’ वाटतात त्यांच्या गालांवर बहुधा शिसपेन्सिल फिरलेली आहे. आताचा मोबाइल हेच काम न सांगता करतो. चेहरा गुळगुळीत करणारी सोय चालू असली, की ती बारीक रेघा आणि फिकट डाग एकाच न्यायानं पुसट करते. त्यात हिरवट पडलेलं गोंदणही सापडतं, कारण यंत्राच्या लेखी डाग आणि गोंदण यांत फरक नाही. हनुवटीवरचे ठिपके, कपाळावरची तुळस, मनगटावरचं नाव, जे काढून घेताना ती पोर असताना रडली असेल, ते सगळं फिकं पडतं. सीमारेषा मला अशी दिसते: कॅमेऱ्यानं घातलेलं काढावं, आयुष्यानं घातलेलं राहू द्यावं. फुगलेलं नाक, काळवंडलेले डोळे, उन्हानं आलेल्या आठ्या हे कॅमेऱ्याचं देणं आहे, आणि ते फोटो काढतानाच टाळता येतं. नंतर खोडरबर चालवायची पाळी आली, याचा अर्थ आधी काहीतरी चुकलंय. रेषा सगळीकडेच सोपी नाही, हे मान्य. बळावलेलं खरजुलं, नाकातली ऑक्सिजनची नळी, काल पडल्यामुळे सुजलेली भुवई यांचं काय करायचं हे फोटोचं शास्त्र सांगू शकत नाही. तिथे तिलाच विचारावं.

विचारणं कसं असतं याचा धडा साताऱ्यातच, औंधात आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९३८ मध्ये त्यांनी उघडलेलं श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आजही खटाव तालुक्यातल्या त्या टेकडीवर आहे. त्यांच्या आश्रयाला आलेल्यांत पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर होते. वेदांचे भाष्यकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, पण त्यांचं मूळ शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतलं, औंधाला येण्याआधी लाहोरला त्यांचा चित्रांचा आणि छायाचित्रांचा स्टुडिओ होता, आणि पुढे त्यांनी स्वतः शंभरी गाठली. ब्रश आणि कॅमेरा दोन्ही हाताळलेल्या त्या पिढीला एक फरक पक्का ठाऊक असणार. व्यक्तिचित्राला माणूस तासन् तास, पुन्हा पुन्हा बसतो. मधे उठून चित्र पाहतो, नाक मुरडतो, घरचे डोकावून जातात, आणि रंग ओला असेतो दुरुस्ती होते. अभिप्राय कामाच्या आत असतो. कॅमेऱ्यानं एका झटक्यात चित्र हाती दिलं आणि अभिप्राय काम संपल्यानंतरचा झाला. मोबाइलच्या पडद्यानं ती जुनी सोय खरं तर परत आणली आहे: चार फोटो काढावेत, आज्जीला दाखवावेत, ती काय म्हणते ते ऐकून पुन्हा काढावेत. आपण मात्र फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि तिथे अठरा अंगठे आणि ‘मस्तच’ गोळा करतो. क्लूगर आणि डिनीसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा काम उलट बिघडतं, आणि लक्ष कामावरून माणसावर गेलं की उपयोग कमी होतो असं त्यांना आढळलं. ‘तुझा हात चांगला आहे’ हे वाक्य त्या निकषावर निरुपयोगी. ‘हिची मान अशी नसते’ हे वाक्य कितीही फटकळ असो, फोटो सुधारायला तेवढं पुरतं.

हे सगळं घरगुती वाटेल, पण सार्वजनिक चेहऱ्यांचंही असंच होतं. रयत शिक्षण संस्थेच्या कुठल्याही शाळेत कर्मवीर भाऊराव पाटलांची तसबीर असते: पांढरी दाढी, उतारवय. संस्था काल्याला १९१९ मध्ये निघाली तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. तो तरणा माणूस पिढ्यान् पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना दिसलेलाच नाही, कारण एका काळातला चेहरा पक्का झाला आणि ‘अण्णा असे नव्हते’ म्हणणारे एकेक करून गेले. क्रांतिसिंह नाना पाटलांचा फेटा आणि मिशा यांचंही तेच. याउलट इंग्रजांविरुद्ध लढलेल्या पत्री सरकारच्या तुफान सेनेतली जी माणसं अलीकडेपर्यंत होती, कुंडलचे कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, विट्याच्या हौसाताई पाटील, नव्वदीपारही सायकल चालवणारे निरोप्या गणपती यादव, त्यांचे फोटो ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळासाठी पी. साईनाथ यांनी गावात जाऊन, त्यांच्याशी बोलत काढले. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवणाऱ्यांतला एक माणूस त्या फोटोत आपल्याकडे बघतो, तेव्हा सुरकुत्या दिसतात, पण पहिल्यांदा दिसत नाहीत. फोटोखाली नाव आहे, गाव आहे, त्याचं स्वतःचं बोलणं आहे. वारीच्या रस्त्यावरच्या अनामिक म्हातारीच्या फोटोत हेच नसतं. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ च्या फेब्रुवारीत. त्यांचे चेहरे ताणलेल्या ग्रुप फोटोतून घ्यायची वेळ कुणावर आली नाही.

शेवटी अडचण उरते ती आज्जीच्या नकाराची. “माझ्या गवऱ्या मसणात गेल्या, माझा कशाला फोटू काढताय?” हे उत्तर या भागात इतकं पाठ आहे की त्यात किती नकार आणि किती आग्रहाची अपेक्षा हे घरच्यानंच ओळखावं. काहींना खरोखर नको असतं. भिंतीवरच्या तसबिरीला हारच चढतो हे त्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे एकट्याचा मोठा फोटो म्हणजे यमाला दिलेली वर्दी वाटते. तिथे हट्ट करू नये. पण नकार कधीकधी फोटोला नसतो, फोटो बघायच्या रीतीला असतो. मोबाइलचा पडदा ऐंशीच्या डोळ्यांना चमकतो, बोट लागलं की चित्र सरकतं, आणि ‘छान आहे’ म्हणून ती तो परत देते. त्याला अभिप्राय म्हणता येत नाही. आठ बाय दहा इंचांचा कागदी प्रिंट काढून, चष्मा देऊन, दाराच्या उजेडात तो तिच्या हातात ठेवावा आणि काही न विचारता थांबावं. ती तो लांब धरेल, जवळ घेईल, पदरानं पुसेल. चेहऱ्याबद्दल बहुधा ती आधी बोलणारच नाही. मागच्या दोरीवर वाळत घातलेलं फाटकं लुगडं, उघडं राहिलेलं कणगीचं तोंड, उंबऱ्याशी पडलेली पायताणं, यांच्याकडे बोट दाखवून म्हणेल, एवढं तरी आवरून घ्यायचं. छायाचित्र स्पर्धेतला जाणता परीक्षकसुद्धा पहिला शेरा हाच मारतो.